जाणारं पातं

डोक्यातून चित्र काढ म्हटलं तर लेंडर्टला साधी गायही काढता येत नसे, आणि याचा त्याला भारी अभिमान होता. "गाई बांधायला माझं डोकं म्हणजे काय गोठा आहे?" असं तो विचारी. समोर खरी गाय असली की मात्र चार फटकाऱ्यांत ती अशी उभी राही, की तिची मालकीण तिला नावानं हाक मारी. चरता चरता ती दूर गेली तर लेंडर्ट ब्रश खाली ठेवी, पाइप पेटवी आणि ती परत येईपर्यंत बसून राही. आमच्या गावात गाईंना घाई नसते आणि लेंडर्टलाही नव्हती.

स्खी कालव्याच्या काठचं हे आमचं गाव. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते इथे येऊन पाहावं. लेंडर्टनं पॅरिसमध्ये बरीच वर्षं काढली होती. तिथली तरुण चित्रकार मंडळी त्याची पाण्याची आणि आभाळाची चित्रं बघायला जिने चढून येत, उजेड कसा धरावा हे तुमच्याकडून शिकलो म्हणत, आणि खोली सोडून नदीकाठी जाऊन बसत. गावात हे सांगून कुणाला पटलं नसतं. गावात तो कोबाचा भाऊ होता. विधवा बहिणीच्या घरी राहायचं, तिचे बटाटे आणि खारवलेलं हेरिंग खायचं, आणि दिवसभर कालव्याकाठी बसायचं, एवढाच त्याचा उद्योग लोकांना दिसे.

"पन्नाशी उलटली, पण एक चित्र पुरं करील तर शपथ," कोबा म्हणे. "लोकांची चित्रं कशी गुळगुळीत, तपकिरी, तोंड दिसेल अशी. तुझं जवळून बघावं तर नुसता चिखल."

"मग लांबून बघ."

"लांब जायला घर तरी तेवढं आहे का, मेल्या?"

लेंडर्ट हसे आणि आपलंच घोडं दामटत राही. त्याचं म्हणणं साधं होतं. मी काही रचत नाही. जे होतं ते, जसं होतं तसं. सावली जांभळी दिसली तर जांभळी, मग तुमचे हेगचे मोठे चित्रकार ती काळी म्हणोत की हिरवी. चित्रात मी एक शेळीसुद्धा पदरची घातलेली नाही, असं तो छातीवर हात मारून सांगे. ते खरंच होतं. आणि ज्या माणसाचा अभिमान खरा असतो, त्याची जिरवायला दुसरं कुणी लागत नाही, तो स्वतःच ते काम करतो.

पैलतीरावर बास्तियानची पवनचक्की होती. बास्तियान आणि लेंडर्ट लहानपणापासूनचे दोस्त, एकाच बर्फावर घसरायला शिकलेले. ही चक्की लेंडर्टनं इतक्या वेळा काढली होती की बास्तियानची बायको यान्ना म्हणे, "आमची चक्की पिठानं झिजायची नाही, तुझ्या बघण्यानं झिजेल."

आता आमच्याकडे चक्की नुसती दळत नाही, ती बोलतेही. काम बंद ठेवताना खालचं पातं अगदी उभ्यात येण्याआधी, जरा अलीकडे थांबवलं, तर समजायचं की घरात बाळ आलं, नाहीतर लग्न ठरलं. उभी रेषा ओलांडून जरा पलीकडे गेलेलं थांबवलं, तर घरातलं कुणी गेलं. येणारं पातं आनंदाचं आणि जाणारं पातं दुःखाचं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. दूरच्या शेतातला माणूस ते बघतो, टोपी काढतो आणि चक्कीच्या वाटेला लागतो.

त्या वर्षी मे महिन्यात लेंडर्टनं चक्कीचं एक पहाटेचं चित्र काढलं. धुकं, पाण्यावर पडलेला फिकट गुलाबी उजेड, आणि त्यात थांबलेली चक्की. हे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनाला पाठवायचं त्यानं ठरवलं. आजवर काढलेल्यांत हेच पहिल्या नंबरचं, असं तो स्वतःच सांगत सुटला. चौकट करायला त्यानं ते डेल्फ्टच्या एका सुताराकडे दिलं, आणि त्या सुतारानं ते कौतुकानं दुकानाच्या खिडकीत लावलं.

मंगळवारी दुपारी डेल्फ्टच्या नावेतून बास्तियानची मावशी उतरली. नखशिखान्त काळे कपडे, गालात पेपरमिंट, आणि हातात सुतकाला नेतात तो बेदाण्यांचा भलामोठा पाव. लेंडर्ट समोरच्या काठावर चित्र काढत बसला होता. त्याला आधी मावशीचं रडणं ऐकू आलं, मग तिची किंकाळी. चक्कीच्या सज्जावरून बास्तियाननं खाली वाकून विचारलं होतं, "मावशी, कोण गेलं?"

मावशी मटकन पिठाच्या पोत्यावर बसली. "अरे मेल्या, तू जिवंत आहेस?"

"म्हणजे काय!"

"मग गेलं कोण? यान्ना तर ही समोर उभी."

"कुणीच नाही गेलं, मावशी," यान्ना म्हणाली. तिला हसू आवरेना.

"कुणी नाही कसं? तिकडे डेल्फ्टात तुमची चक्की दुकानाच्या खिडकीत शोक करत उभी आहे! मी काय वेडी म्हणून हे काळं चढवून आले?"

एवढं ऐकून लेंडर्टनं होडी सोडली आणि तो चक्कीवर आला. यान्नानं पाव कापायला घेतला होता, कारण सुतक नसलं म्हणून पाव काही वाया घालवायचा नसतो. लेंडर्टनं दोन कापे उचलले. सगळे हसत होते. बास्तियान तेवढा हसत नव्हता.

"हे तुझे धंदे होय रे?" मावशीनं विचारलं. "पातं पलीकडे काढलंस ते?"

"झोपेत असेल तो," बास्तियान घाईघाईनं म्हणाला. "नाहीतर प्यायला असेल. चुकला असेल."

इथे लेंडर्टनं तोंडात पाव कोंबून गप्प बसायला हवं होतं. पण चुकलास म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

"चुकलो? मी? पातं पलीकडेच होतं. मी पदरचं काही घालत नसतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

यान्नाचा कापता हात थांबला. तिनं लेंडर्टकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि पुन्हा पाव कापू लागली. त्यानंतर मात्र ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी बास्तियान डेल्फ्टला गेला आणि खिडकीतून ते चित्र अक्षरशः उपटून घेऊन आला. नव्या चौकटीसकट त्यानं ते कोबाच्या स्वयंपाकाच्या टेबलावर आपटलं. कोबा ओरडली, त्यानं तिकडे लक्षही दिलं नाही.

"फिरव पातं."

"नाही फिरवणार," लेंडर्ट म्हणाला. "दुसरी चक्की बांध आणि तिला सांग हवं तसं उभं राहायला, तिचं काढून देतो."

"लेंडर्ट, बोटभर रंगाचा प्रश्न आहे."

"बोटभर खोट्याचा प्रश्न आहे."

बास्तियाननं कोबाला बाहेर जायला सांगितलं. त्याच्या आवाजात असं काही होतं, की कोबा स्वतःच्या घरातून मुकाट्यानं बाहेर गेली. मग तो बाकावर बसला आणि म्हणाला, "ग्रीट गेली."

सहा वर्षांत ते नाव त्या काठावर कुणी उच्चारलं नव्हतं. ग्रीट ही बास्तियानची एकुलती एक मुलगी. ती ब्राबांतच्या एका नावाड्याबरोबर निघून गेली होती, आणि तो नावाडी पोपला मानणाऱ्या दुसऱ्या पंथातला. पुढच्याच रविवारी चर्चमधून आल्यावर बास्तियाननं सांगून टाकलं, या घरात ते नाव घ्यायचं नाही. गावानंही मूग गिळले. आमच्या गावाला मूग गिळायची सवय आहे, आणि ती काही चांगली सवय नाही.

"मेच्या सुरुवातीला धान्य उतरवायला आला त्या खलाश्यानं सांगितलं," बास्तियान म्हणाला. "बाळंतपणात गेली. पोरही गेलं. रात्रभर यान्नाच्या शेजारी पडून होतो, तोंड उघडेना. ते नाव मीच बंद केलेलं. आता कुठल्या तोंडानं घेऊ? पहाटे उठलो, पातं लावलं. तासभर. गाव उठायच्या आत फिरवलं. वाटलं, कुणी पाहिलं नाही."

"मी पाहिलं."

"पाहिलंस ना! मग त्याच दिवशी येऊन का नाही विचारलंस? सगळ्या गावात तेवढा तूच जागा होतास."

लेंडर्टनं पातं पाहिलं होतं, त्याचा कोन पाहिला होता, त्यावरचा ओला उजेड पाहिला होता. ते पातं काय सांगतंय हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. ब्रश हातात असला की तो फक्त बघायचा. आणि आयुष्यभर तो त्याच बघण्याची फुशारकी मारत आला होता. त्याला स्वतःची अशी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

"यान्ना कालपासून माझ्याशी बोललेली नाही," बास्तियान म्हणाला. "ती येईल तुला विचारायला. एवढंच सांग, की मनानं काढलं. ती आतून पार मोडेल रे यानं. सांगशील?"

लेंडर्टनं मान डोलावली. पॅरिसचं प्रदर्शन गेलं खड्ड्यात. दोस्तासाठी एकदा खोटं बोलावं लागलं तर बोलावं.

यान्ना संध्याकाळच्या आत आलीच. लाकडी बूट दाराशी काढून ती थेट टेबलापाशी गेली आणि चित्रावर वाकली. बास्तियान अजून बाकावरच होता. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

"लेंडर्ट, हे पातं तू पाहिलंस की मनानं काढलंस?"

"मनानं," लेंडर्ट म्हणाला. "तिथे जरा... तोल जात होता चित्राचा."

"मनानं. तू?"

"हो."

"आणि ही दोरीवरची चादर? हिच्या कोपऱ्याला निळं ठिगळ आहे, तेही मनानं?"

लेंडर्ट त्या ठिगळाकडे बघत राहिला.

"जन्मात एकदाच माझे कपडे रात्रभर दोरीवर राहिले. दाढ ठणकत होती म्हणून मी तशीच झोपले. सकाळी उठले तर हा अंथरुणात नाही. विचारलं तर म्हणाला, चक्कीचा ब्रेक अडकला होता." आता ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "माझे आईबाप कधीच गेले. तुझेही. माझ्यापासून लपवावं असं आपलं एकच माणूस उरलंय, बास्तियान. सांग."

बास्तियाननं सांगितलं. डोकं खाली घालून, खलाश्यानं सांगितलं होतं तेवढंच. यान्ना उभ्यानंच ऐकत राहिली. मग तिनं टेबलाची कड धरली आणि पहिल्यांदा रडली. कोबा कधी आत आली कुणाला कळलं नाही. तिनं यान्नाला आपल्या खुर्चीत बसवलं आणि तिचा हात सोडला नाही.

डोळे पुसून यान्ना म्हणाली, "तासभर?"

बास्तियाननं वर बघितलं.

"माझ्या पोरीला तासभर? धुक्यात? चोरून?"

"यान्ना..."

"उद्या उजाडताच पातं लाव. वारा असो नसो, दळण असो नसो. आणि दारात तू उभा राहायचं. येईल त्याला तू सांगायचं. तिचं नाव तुझ्या तोंडानं बंद झालं, आता तुझ्याच तोंडानं उघडेल."

दुसऱ्या दिवशी झकास वारा होता. कालव्यावरच्या सगळ्या चक्क्या गरगरत होत्या, आणि बास्तियानची तेवढी थांबली होती, खालचं पातं पलीकडे गेलेलं. शेतातून, नावांतून, दूधवाल्यांच्या वाटेनं माणसं येऊ लागली. बास्तियान काळा कोट घालून दारात उभा होता, आणि यान्ना आत दिसेल अशी बसली होती. पहिल्या माणसाला तो म्हणाला, "आमच्या घरातलं माणूस." दुसऱ्याला म्हणाला, "माझी मुलगी." त्याच्यापुढे काही त्याचं तोंड जाईना. यान्ना आतून बघत राहिली, तिनं त्याला काही मदत केली नाही.

लेंडर्ट काठावरून बघत होता. रंगांची पेटी त्यानं घरी ठेवली होती. तो होडी घेऊन आला, टोपी काढली आणि रांगेत उभा राहिला. पुढची माणसं आत गेली, तसा तो बास्तियानच्या समोर आला. बास्तियाननं त्याला वाट करून दिली. याला काय सांगायचं, याला सगळं ठाऊकच होतं.

लेंडर्ट आत गेला नाही.

"बास्तियान," तो म्हणाला, "चक्की थांबलेली दिसली. कोण गेलं?"

बास्तियानचे ओठ हलले. मागच्या लोकांनी मान पुढे केली.

"ग्रीट," तो म्हणाला. मग आत यान्नाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "माझी ग्रीट गेली."