पिको नसलेली कड

शनिवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी सुहासिनीताईंचं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि रंगीत रिळांची भिंत. पेठेतल्या कितीतरी लग्नांच्या साड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. गिऱ्हाइकाने घाई केली तर त्या मान वर न करता म्हणतात, "थांबायचं नसेल तर तशीच नेसा. पहिल्या धुण्यात कड उसवली की मग याच."

ही जीभ त्यांना सासरी मिळाली. सासूबाई आनंदीबाई जेवताना काहीतरी टाकून बोलणार, आणि सुहासिनीताई तितकंच कोरडं उत्तर देणार.

"आमटीत आज डाळ शोधायला चष्मा लागेल."

"तुमचा देवघरात राहिलाय, आणून देते."

दोघींची माया हीच होती. दुसरी कुठली त्यांना जमली नाही.

काही वर्षांपूर्वी सुहासिनीताईंच्या उजव्या स्तनात गाठ लागली होती. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवलं होतं. आडवी, लंबगोल, गुळगुळीत कडेची. "ही साधी गाठ. अशी निवांत आडवी पडलेली असली की सहसा काळजी नसते." सुहासिनीताईंना ते लगेच पटलं. पिको केलेली कड होती ती.

या फाल्गुनात डावीकडे नवी गाठ लागली. मुलीचं, सलोनीचं, लग्न वैशाखात ठरलेलं. सुहासिनीताई नवऱ्याबरोबर, श्रीनिवासरावांबरोबर, त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. या वेळी पडदा वळला नाही. अंगाला गार जेल लागलं, हातातलं यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरलं, आणि बाई म्हणाल्या, "मिस्टर आलेत ना? त्यांना जरा आत पाठवा."

श्रीनिवासराव बाहेर आले ते रिपोर्टचं पाकीट पिशवीत घालतच. "मागच्यासारखीच आहे. लग्नानंतर एकदा दाखवून येऊ."

सुहासिनीताईंनी विश्वास ठेवला. मशीनवर सलोनीचा शालू होता.

त्याच आठवड्यात एकदा आमटीत मीठ घालायचं राहिलं. आनंदीबाईंनी वाटी संपवली आणि म्हणाल्या, "छान झालीये हो." मग करपलेली पोळीही छान झाली. एका दुपारी त्यांनी सुनेच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "तू बस जरा."

सुहासिनीताई बसल्या. या घरात कुणी कुणाशी इतकं गोड बोललं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी दुकान न उघडता त्या एकट्याच सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"तुम्हाला सांगितलं नाही?" बाई दचकल्या. "मी मिस्टरांना स्पष्ट म्हटलं होतं, लगेच सुईने तुकडा काढून तपासा. चित्रावरून संशय बराच आहे. पक्कं त्या तपासणीतच कळेल."

"गाठ मिस्टरांना आहे का?"

बाईंनी त्या दिवशीचं चित्र काढून पडदा वळवला. ही गाठ आडवी नव्हती, उभी होती. कडेतून बारीक काटे आजूबाजूला शिरलेले, आणि मागे काळी सावली. उसवलेल्या कडेचे धागे कुठवर जातात, हे सुहासिनीताईंना कुणी समजावून सांगायला नको होतं.

घरी श्रीनिवासराव पत्रिकांवर नावं घालत बसले होते. बायकोचा चेहरा बघूनच त्यांनी पेन ठेवलं.

"लग्नाच्या गडबडीत तुझ्या डोक्याला ताप नको, म्हणून..."

"सलोनीला माहीत आहे?"

"तीच म्हणाली. आईला कळलं तर ती लग्नात हसणार नाही."

सुहासिनीताईंनी एक पत्रिका उचलून मुहूर्त वाचला. "अहो, गाठ माझी. आणि मुहूर्त तुम्ही तिघांनी काढलात."

आनंदीबाई दाराशी उभ्या होत्या. हरवलेली जीभ त्यांनी कशीबशी शोधली. "सकाळपासून दुकानाची वाट विसरलीस वाटतं."

"आता नको, आई. आमटी अळणी झाली तेव्हा बोलायचं होतं."

तपासणीच्या दिवशी श्रीनिवासराव न सांगता बरोबर आले. शेजारच्या खुर्चीत, पाकीट मांडीवर घेऊन बसले. नर्सने दार उघडून विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

ते अर्धवट उठले.

"कोणी नाही," सुहासिनीताई म्हणाल्या. "जे सांगायचं ते मला सांगा."

त्यांनी नवऱ्याच्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि आत गेल्या.