सोडून दिलेला ट्राउट

जर्मनीत एर्लांगेनमध्ये नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, केवळ बॉसला मासे पकडायचा नाद होता म्हणून, मी, घरात अंडंही न आणणाऱ्या माणसाने, मासेमारीच्या परवान्याची तिथली परीक्षा दिली आणि पास झालो. एप्रिलमध्ये तो मला डोंगरातल्या नदीवर घेऊन गेला. पाणी बर्फ वितळून आलेलं, बोटं बधिर. दुपारपर्यंत माझी दोरी झुडपांतच अडकत राहिली. मग एका ट्राउट माशाने माझ्या गळावरची पिसांची खोटी माशी धरली. बॉस खूश झाला. माशाच्या डोक्यात घालायला त्याने लाकडी दांडकं पुढे केलं. मी मासा दोन्ही हातांनी गच्च आवळला, कसाबसा गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडून दिलं. वर ‘आमच्यात मारत नाहीत’ हेही ऐकवलं.

तो शांतपणे म्हणाला, “खायचा नव्हता, तर गळ का टाकलास? मजा म्हणून माशाला छळायला इथे कायद्याने बंदी आहे. परीक्षेत होतं हे.”

होतं. मी उत्तरही बरोबर लिहिलं होतं. तरी राग त्याचाच आला, अजून येतो.

खालच्या खडकाशी माझा मासा पांढरं पोट वर करून तडफडत होता. बॉस पाण्यात उतरला, जाळीने त्याला उचललं आणि माझं राहिलेलं काम एका फटक्यात उरकलं.