यादीची दुसरी प्रत

करावे गावातल्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. आईने तरुणपणी टाइप केलेली एकुलती एक कादंबरी फ्लॉपीवर होती, आणि माझ्या कपाटात राहून तिला बुरशी लागली होती. त्याने आतली काळी चकती काढली, साबणाच्या पाण्यात बोटाने अलगद धुतली आणि पंख्याखाली वाळवली. मग ती दुसऱ्या फ्लॉपीच्या खोळीत बसवून ड्राइव्हमध्ये घातली आणि डोळे मिटून, कान लावून बसला. एकही फाइल उघडेना.

"फाइलचे तुकडे कुठं कुठं हायत, त्याची यादी असते. तीच खराब झालीय," तो म्हणाला. "पन टेन्शन नको. त्या काळी ही पद्धत बनवनाऱ्यांनी यादी दोनदा लिवून ठेवली. एक जानार हाय, हे त्यांना पैल्यापासून माहीत होतं."

त्याने दुसरी यादी पहिलीच्या जागी उतरवली. ड्राइव्ह खटखटला आणि अकराची अकरा प्रकरणं उघडली! मी ओरडलोच. तोही टाळ्या पिटत उठला, जणू कादंबरी त्यानेच लिहिली होती.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता आपणही दोन प्रती ठेवू."

"ठेव की," आई म्हणाली, "पण दुसरी त्या दुरुस्तीवाल्याकडे ठेव. तुझ्या कपाटात नको."