जिभेवरचा कागद

मी एकदा एका सासूला, तिच्याच अंगणात बसून, तुरीचे दाणे मांडून नीट समजावून सांगितलं होतं की तुझी नात तुझ्या लेकाची असू शकत नाही. हे शब्द मी वापरले नाहीत. तेवढी अक्कल होती म्हणून नव्हे. मी नेमकं तेच सांगते आहे, हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. मला वाटत होतं, मी आनुवंशिकी शिकवते आहे.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं असेल. वाशीमला तेव्हा कोणी जिल्हा म्हणत नसे, अकोल्याच्या पोटातला तो एक तालुका होता. मी नागपूरला एम.एस्सी. होऊन नुकती संशोधनाला लागलेली. डोळ्यांवर मांजरीच्या डोळ्यांसारखा चष्मा, खांद्याला शबनम, आणि चेहऱ्यावर असा भाव की अख्खी मानवजात माझ्या येण्याची वाट पाहत थांबली आहे. ती मुलगी आज समोर आली तर मी तिला आधी पोटभर जेवू घालेन आणि मग तिच्या चष्म्याला हसेन.

काम सोपं होतं. एक पांढरी पूड असते, तिचं नाव घेता घेताच जीभ वळते. ती पाण्यात विरघळवायची, त्यात टीपकागद भिजवायचा, वाळवून पट्ट्या कापायच्या आणि माणसांच्या जिभेवर ठेवायच्या. काहींना ती विषासारखी कडू लागते, काहींना नुसता कागद. हा फरक जन्मतःच मिळतो, एक वाटा आईकडून, एक बापाकडून. कडू लागायला एक वाटा पुरतो. न लागायला दोन्हीकडून न लागण्याचाच वाटा यावा लागतो. आमच्या सरांना पुढचं हवं होतं: हा इवलासा फरक माणसाच्या आयुष्यात करतो तरी काय? ज्यांना कडू लागत नाही ते कारलं, मेथी जास्त खातात का? त्यांच्या गळ्याला गाठी येतात का? एका बारीक बदलाचा अर्थ लावायचा, म्हणून मला पट्ट्यांचा डबा देऊन धाडलं होतं.

शेलूबाजारला जीपमधून उतरून बैलगाडीनं आत जावं लागे, असं ते गाव. तिथल्या शाळेच्या मास्तरांनी माझी सोय एका शेतकऱ्याच्या घरी लावली. घरात चौघं. म्हातारी, तिला सगळे बुढी म्हणत आणि तिलाही ते आवडे. तिचा मुलगा, त्याला मी दादा म्हणू लागले. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी. आणि त्यांची लेक, अजून शाळेत न जाणारी, समोरचे दात पडलेली.

थंडीचे दिवस होते. मधल्या खोलीत वेचून आणलेला कापूस छतापर्यंत रचला होता आणि त्याच्याच पायथ्याशी माझी सतरंजी. दुपारी कवाडाच्या फटीतून ऊन आत यायचं आणि त्या उन्हात तंतू तरंगत राहायचे, खाली यायचं नावच घ्यायचे नाहीत. पोरगी ढिगावरून घसरत माझ्या मांडीवर येऊन पडे. बाहेर कोणी बोललं की आवाज कापसातून गाळून यायचा, मऊ, लांबचा, जणू दुसऱ्या कोणाच्या झोपेतला. आजही ते गाव मला तसंच ऐकू येतं. तिथं कोणी रागावलंही असेल, पण माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा कापूस झालेला असतो.

पट्ट्यांचं मात्र काही खरं नव्हतं. ज्याला द्यावी तो थुंकत होता. बुढीनं तर अंगणाच्या पार टोकाला जाऊन थुंकलं.

"थू! काय मेलं वं याच्यात, पोरी?"

"औषध आहे, आजी. म्हणजे औषध नाही, परीक्षा आहे."

"कोनाची? तुही का माही?"

संध्याकाळी मी चुलीपाशी तोंड पाडून बसायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे की इथं एकही माणूस असा नाही का, ज्याला कडू लागत नाही? अशी माणसं सापडली नाहीत तर माझं काम व्हायचं कसं? परीक्षेच्या आधी उत्तर फोडणारी मास्तरीणबाईच होते मी, दुसरं काय!

आणि मग सापडलं. दादा शेतातून आले, हातपाय धुतले, पट्टी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाले, "काहीच नाई लागत, बाई." पाठोपाठ वहिनीनं पट्टी घेतली, चघळली, हातावर काढून उलटसुलट पाहिली. "कागदच तं हाये." एकाच घरात दोघं! मी त्या आनंदात दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दादा शेतात गेल्यावर मी पोरीला बोलावलं. नियमाप्रमाणे तिलाही काही लागायला नको होतं. पोरीनं पट्टी तोंडात घातली आणि भोकाड पसरलं. मी हुशार ना, मी तिला साधा कोरा कागद दिला. तो तिनं मुकाट चाखला. पुन्हा पट्टी दिली, पुन्हा रडारड.

"हे शक्यच नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "आईबाप दोघांना लागत नाही, तर लेकराला लागूच शकत नाही."

बुढी सुपात तूर पाखडत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजे काय वं बाई?"

इथं कोणीही शहाणी बाई 'काही नाही आजी' म्हणाली असती. मी सुपातून दाणे उचलले. हे दोन बापाचे, हे दोन आईचे. लाल म्हणजे कडू लागणारा, पांढरा म्हणजे न लागणारा. बापाकडे दोन्ही पांढरे, आईकडे दोन्ही पांढरे. मग आजी, पोरीकडे हा लाल दाणा आला कुठून? मी प्रश्न असा गोड आवाजात विचारला की वर्गात असते तर पोरांनी हात वर केले असते. ऊन अंगावर मऊ पडलं होतं, तुरीची टरफलं वाऱ्यानं सरकत होती, आणि मला आपण काहीतरी फार सुंदर सांगतो आहोत असं वाटत होतं.

मग स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज बंद झाला.

वहिनी कवाडात उभी होती, हाताला पीठ तसंच. तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या दाण्यांचा अर्थ मला त्या घरात सगळ्यात शेवटी कळला. पोरगी रडत रडत बुढीच्या मांडीकडे गेली. बुढीनं सूप मध्ये सरकवलं. तिनं पोरीला ढकललं नाही. फक्त सूप मध्ये सरकवलं.

"आजी, माझं चुकलं असेल," मी म्हणाले.

"कागद तं तुहाच हाये ना?" बुढी म्हणाली. "तो खोटं बोलते?"

पुढं कळलं की नियमही मी मांडला तितका पक्का नव्हता, न लागणाऱ्या आईबापांच्या पोटी लागणारं लेकरू अधूनमधून निघतं. सरांनी तेही शिकवलं होतं. मी त्या तासाला बहुधा खिडकीबाहेर बघत होते.

मी पोरीचं बोट धरलं आणि दादांनाच विचारायला शेताकडे निघाले. ती वाट मला अजून स्वप्नात दिसते. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ज्वारी, कणसांवर पाखरं, पुढचं काही दिसत नाही, नुसती सळसळ. पोरगी केव्हाच रडणं विसरली होती. ती हरभऱ्याच्या तुकड्यात शिरली, पानांवरची आंब बोटानं पुसून चाटली आणि तेच बोट माझ्या तोंडासमोर धरलं, "आंबट हाये, घ्या." मी चाटलं. ती पुढं नाचत चालली होती, आणि माझ्या मनात येत होतं की संध्याकाळी हिला आईबरोबर आजोळी धाडलं तर ती असंच नाचत जाईल, तिला काही कळणारही नाही.

दादा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून विळ्याला धार लावत होते.

"दादा, खरं सांगा, काल पट्टी कडू लागली होती का?"

ते ओशाळून हसले. "आता काय सांगू, बाई..."

"सांगा हो!"

"जहर! पार नरड्यापरेंत. मांगून जाऊन गुयाचा गोड खडा खाल्ला, तवा बरं वाटलं."

"मग नाही का म्हणालात?"

"तुमी रोज चुलीपाशी तोंड पाडून बसा. एक मानूस पाह्यजे, एक मानूस पाह्यजे. म्या म्हटलं, पाहुनी आपल्या घरी उतरली, तिले रिकामी कायले धाडाची? अन् पाहुन्यानं हातावर ठेवलेल्या वस्तूले कडू कसं म्हनाव?"

मग मी घरी काय झालं ते सांगितलं. त्यांचं हसू कुठं गेलं ते मला दिसलं नाही, कारण मी जमिनीकडे पाहत होते. विळा तिथंच टाकून ते चालू लागले, इतके झपाझप की पोरीला त्यांच्यामागं पळावं लागलं.

अंगणात येऊन त्यांनी माझ्या डब्यातून पट्ट्यांची चळतच घेतली, आईसमोर उकिडवे बसले आणि सगळ्या एकदम तोंडात घातल्या.

"पाह्य, माय," ते भरल्या तोंडानं म्हणाले, आणि चावू लागले.

बुढी बघत राहिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. ते चावत राहिले. शेवटी बुढीनंच त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

"थुक, थुक मेल्या! लबाड कुठला! बाईमानसाले बरं वाटाव म्हून कडूले कडू नाई म्हनला!"

आणि एवढं बोलून तिनं पोरीला ओढून सुपासकट मांडीवर घेतलं. तुरीचे दाणे अंगणभर झाले. दादा खोकत खोकत हसले, बुढी हसली, मीही हसले, सुटल्यासारखी. आत पुन्हा भाकरीचा आवाज सुरू झाला. वहिनी काही बाहेर आली नाही.

परतायच्या दिवशी सकाळी धुकं होतं. गाडीचे बैल आधी ऐकू आले, मग दिसले. वहिनी गावाच्या टोकापर्यंत माझ्यासोबत आली. वाटेत तिनं डोक्यावरचा पदर सावरला, भाकरीचं फडकं माझ्या शबनमीत कोंबलं. मी गाडीत बसले तेव्हा पुन्हा एकदा चुकलं म्हणून म्हणाले. तिनं गाडीच्या कडेवर हात ठेवला.

"चुकलं तं चुकलं, बाई," ती म्हणाली. "पन तुमी कागदाले इचारलं, बुढीनं तुमाले इचारलं, अन् यायनं कागद खाऊन बुढीले दाखोलं. मी तं तिथीच होती, चुलीपाशी. मले काहून नाई इचारलं कोनी?"