वारा नसताना हललेला ऊस

शुक्रवारी तीनच्या शोला मी बाल्कनीच्या दाराला पाठ लावून उभा होतो आणि अख्ख्या थिएटरात एकही शेंग फुटत नव्हती.

ज्यांनी टॉकीज चालवलेलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही, म्हणून सांगतो. टॉकीजचा मॅनेजर पिक्चर बघत नाही. तो डोकी बघतो आणि भुईमुगाच्या शेंगा ऐकतो. हाणामारी असली की शेंगा कडाकडा फुटतात. गाणं लागलं की सावकाश. हिरोची आई मरायला टेकली की फुटायच्या थांबतात, पण आई जरा लांबली की पुन्हा सुरू. ओतूरच्या त्या टॉकीजमध्ये माझी निम्मी हयात गेली, पण सगळ्यांच्या शेंगा हातात तशाच राहिल्यात, असं एकाच दुपारी झालं.

आणि पडद्यावर काय होतं? ऊस. नुसता उभा ऊस.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. केबल घरोघर पोचली होती. नवा पिक्चर आमच्याकडे येण्याआधी त्याची सीडी चहाच्या टपरीवर यायची. नऊचा शो आम्ही कधीच बंद केला होता. आमचे शेठ, म्हणजे टॉकीजचे मालक, भला माणूस. पण एक कांद्याचा व्यापारी त्यांच्या मागे लागला होता. छप्पर उंच, हवा खेळती, कांदा साठवायला याहून चांगली जागा तालुक्यात नाही, असं तो म्हणायचा. बोलायचा तेव्हा छताकडे बघायचा, पडद्याकडे कधीच नाही.

शेठनी मला ऑफिसात बोलावलं. "मॅनेजर, ह्यो शेवटचा आठवडा. रविवारी सहाचा शो भरला तर होल्डओव्हर. नाय भरला, तर सोमवारी खुर्च्या काढा."

होल्डओव्हर म्हणजे चाललेला पिक्चर न उतरवता पुढच्या आठवड्यात तसाच ठेवणं. शेठ मात्र हा शब्द पिक्चरबद्दल नाही, टॉकीजबद्दल वापरत होते.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने जुना, हमखास चालणारा मारधाडीचा हिंदी पिक्चर लावला असता. मी विलासचा पिक्चर लावला.

विलास जवळच्याच डिंगोरे गावचा. कॉलेज सोडून पुण्याला गेला, तिथे कुणाकुणाच्या हाताखाली राबला आणि मग स्वतःचा भुताचा पिक्चर काढला. नाव 'पाचट', म्हणजे उसाचा वाळका पाला. बायको मेलेला एक शेतकरी आणि उसात होणारी तिची हालचाल, एवढीच गोष्ट. शूटिंग गावातच केलं, भर दिवसा, काळोख वाटेल अशी काच कॅमेऱ्याला लावून.

पुण्यातल्या पेपरांनी त्याची पार सालटी काढली. एकाने लिहिलं की हा पिक्चर संपल्याचं कळत नाही, कारण तो सुरू झाल्याचंच कळलेलं नसतं. दुसऱ्याने दिग्दर्शकाला शेतीचा माहितीपट काढायचा सल्ला दिला. पुण्यातून तो आठवडाभरात उतरला. डिस्ट्रिब्युटरने हात झटकले, तेव्हा विलास प्रिंटच्या पेट्या स्वतःच एसटीच्या टपावर टाकून गावोगाव हिंडायला लागला. शिनोलीकडे एका जत्रेत त्याने तंबूत खेळ लावला. वरच्या अंगाची, जिथे ऊस नाही अशा भातखाचरांच्या गावांतली माणसं बघायला बसली. बराच वेळ ऊस बघितल्यावर एक म्हातारा अदबीने उठून त्याच्याजवळ आला. "पावणं, ती बाई येनार असंल तर आमी बसतो. नायतर आमची येष्टी जाईल." विलासने सांगितलं की बाई शेवटी येते. मग तंबूतली बहुतेक माणसं एसटीला गेली.

हे सगळं त्यानेच मला सांगितलं, हसत हसत. हसू फक्त तोंडावर होतं.

मी त्याच्यासाठी जीपवर भोंगा बांधला. माझा आवाज तसा नाटकी आहे, आणि भोंगा हातात आला की मला आवरत नाही. "हृदय कमजोर असेल त्यांनी घरी बसावं, होऽऽ" असं मी ओतूरपासून सगळ्या वाड्यावस्त्यांवर ओरडत फिरलो. हे वाक्य मी आजवर शंभर पडेल पिक्चरांसाठी ओरडलो होतो. खरं ठरेल असं कधी वाटलं नव्हतं.

तर शुक्रवारचा तीनचा शो. थिएटर बऱ्यापैकी भरलेलं. विलास माझ्या शेजारी उभा. पडद्यावर तिन्हीसांजेची वेळ, बांधावर कॅमेरा ठेवलेला, समोर ऊस. वारा नाही. लांबवर एका जागी शेंडे हलले. थांबले. बऱ्याच वेळाने जरा अलीकडे हलले. पुन्हा थांबले. पुण्याचे लोक या ठिकाणी घड्याळ बघायचे.

आमच्या पहिल्या रांगेने पाय वर घेतले.

मी खरं सांगतो. सगळी रांग, चपला खाली टाकून, खुर्चीवर उकिडवी बसली. मग दुसरी रांग. मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "पोराला मदी घे." शेंडे आणखी अलीकडे हलले, आणि सीतारामभाऊ ताडकन उभा राहिला. डिंगोऱ्याचाच हा माणूस. प्रत्येक पिक्चर पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत. त्याने टाळ्या पिटल्या आणि बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "हाऽऽड, हाऽऽड!" त्याच्यामागे सगळं थिएटर. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या, दाराच्या पत्र्यावर काठ्या.

विलासचा चेहरा पांढराफटक पडला. "इथंही हुर्यो," एवढं बोलून तो बाहेर पडला आणि पायरीवर डोकं धरून बसला.

मी मागोमाग गेलो. त्याला म्हणालो, "अरे येड्या, ते तुला हाकलत नाहीयेत. बिबट्याला हाकलतायत."

बिबट्याचं त्याच्या डोक्यातच नव्हतं. त्याची चूक नव्हती. तो पुण्याला गेला तेव्हा उसात कोल्हे होते, आणि शूटिंगला आला तो भर दिवसा येऊन गेला. नंतरच्या वर्षांत बिबटे उसात राहायला आले, तिथेच त्यांना पिल्लं व्हायला लागली. आधी कुत्री गेली, मग शेळ्या, मग जे बोलवत नाही तेही झालं. वारा नसताना ऊस हलला, की आमच्याकडे माणूस श्वास रोखतो आणि मग ओरडतो. उसात बायकोचं भूत आहे असं विलास दाखवत होता. आमचे लोक उसात जे होतं तेच बघत होते.

इंटरव्हलला कुणी बाहेर गेलं नाही. टॉकीजच्या मुताऱ्या मागच्या बाजूला होत्या आणि त्यांच्यामागे ऊस होता.

शेवटी पांढऱ्या साडीतली बाई आली आणि सगळ्या थिएटराने सुस्कारा सोडला. शेंगा पुन्हा फुटायला लागल्या. बाहेर आल्यावर सीतारामभाऊने विलासचा हात धरला. "राव, लई भारी काढलास. तो कसा थांबतो, कसा जवळ येतो, समदं बरोबर."

"भाऊ, ती त्याची बायको आहे."

"ती शेवटाला आली ती व्हय? ती जरा मधीच घुसल्यागत वाटली बघ."

आम्ही दोघं इतके हसलो की डोळ्यांत पाणी आलं. शेठना मी सांगून टाकलं की रविवारी दारं लावायला पोलीस बोलवावे लागतील. इतका धंदा कळणारा माणूस मी, पण पायरीवर उभं राहून समोरची गर्दी किती भराभर पांगतेय, हे मला दिसत असूनही कळलं नाही. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना घर गाठायचं होतं.

सहाच्या शोला बाजारपेठेतले चार रिकामटेकडे आले. शनिवारी तेवढेही नाहीत. मी चौकशी केली. पिक्चरची कीर्ती माझ्या भोंग्याच्या आधी गावोगाव पोचली होती: लई भारी हाय, पण सहाचा बघू नका, बघून उसातनं घरी यायचंय. तीनच्या शोला म्हणावं तर शनिवारपासून कांद्याची काढणी सुरू, माणसं रानात. आणि शेठची अट सहाच्या शोची.

रविवारी सकाळी शेठनीच तोड काढली. भोंग्यावर सांगा की पिक्चरमध्ये बिबट्या नाही, शेवटी बाईच निघते. मी म्हणालो, शेठ, शेवट सांगितला तर राहतं काय? ते म्हणाले, टॉकीज राहतं.

डिंगोऱ्याच्या पारापाशी जीप थांबवली. माझ्या तोंडातून ते वाक्य निघेना. विलासने माझ्या हातातला माईक घेतला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या पिक्चरचा शेवट त्याने भोंग्यावरून सांगितला. त्याच्या आवाजाला कसलाच चढउतार नव्हता. "ती बाईच आहे. उसात काही नाही. निर्धास्त या."

सीतारामभाऊ पारावरून उठून जीपजवळ आला. त्याचे डोळे लाल होते. "इलास, काल सांजच्याला माझं वासरू नेलं. शेंडं हाललं, थांबलं, परत जवळ हाललं. तुझ्या पिक्चरवानीच. आन् तू म्हनतोस उसात काय न्हाई?"

विलासने माईकचं बटण बंद केलं.

"पिक्चर खरा हाय तुझा," सीतारामभाऊ म्हणाला. "म्हनून तर येत न्हाई आमी."

परतीच्या वाटेवर मी जीप जोरात हाणली. दोन्ही बाजूंना ऊस होता.

रविवारच्या सहाच्या शोला थिएटरात तीन माणसं होती: शेठ, विलास आणि मी. शेठ म्हणाले, लावा, आज मीच बघतो. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःच्या टॉकीजमध्ये पूर्ण पिक्चर बघताना मी पाहिलं नव्हतं. मी सवयीने मागे उभा राहून त्यांचं एकटं डोकं बघत होतो. तो बांधावरचा शॉट आला. शेंडे हलले, थांबले, अलीकडे हलले. शेठनी हळूच धोतर सावरलं आणि पाय वर घेतले.

पिक्चर संपल्यावर ते म्हणाले, "चांगला हाय."

मग उठता उठता म्हणाले, "खुर्च्या उद्या काढा. आन् मला जीपनं घरापर्यंत सोडा."

सोमवारी खुर्च्या निघाल्या. महिन्याभरात पडद्याच्या भिंतीपर्यंत कांदा लागला. विलासने प्रिंटच्या पेट्या न्यायला माणूस पाठवतो म्हणून सांगितलं; माणूस कधी आला नाही. तो आता पुण्यात लग्नांचं शूटिंग करतो. त्याने पुन्हा पिक्चर काढला नाही. वखारीची देखरेख शेठनी माझ्याकडेच दिली. अजूनही मी दाराला पाठ लावूनच उभा राहतो. कांदा आवाज करत नाही.

पुण्याचे लोक म्हणाले, भीती वाटत नाही, म्हणून आले नाहीत. आमचे लोक म्हणाले, भीती वाटते, म्हणून आले नाहीत. तिकिटाच्या खिडकीवर दोन्हींचा हिशोब सारखाच लागतो. म्हणून हल्ली कुणी उत्साहाने मला सांगायला आला, की मॅनेजर, पिक्चर काढतोय, तर मी त्याला गोष्ट विचारत नाही. शो सुटल्यावर माणसं घरी कशी जाणार, तेवढं विचारतो.