सासऱ्यांसाठी फुगवलेला गोबरगॅस

सासरे आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, त्या दिवशी आमच्या गोबरगॅसला अपचन झालं.

पहिल्यांदा म्हणजे अगदी पहिल्यांदा! वंदनानं वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, मर्जीविरुद्ध माझ्याशी लग्न केलं, तेव्हापासून तिच्या माहेराहून, कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरूमहून, साधा फोनही नव्हता. आणि एका सकाळी अचानक आला. "येडाईच्या दर्शनाला येरमाळ्याला येणार हाय परवा. जेवायला तुमच्याकडं येतो." एवढंच. पलीकडून फोन बंद झाला, तरी वंदना तो कानाला धरून उभीच.

"पुरणपोळ्या करते," ती म्हणाली. "अप्पांना लई आवडतात." मग तिचा चेहरा पडला. "पर आपला गॅस पुरायचा न्हाय. डाळ शिजंपर्यंत दम तोडतो."

हे बोलावं कुणापुढं? शहराच्या सांडपाणी केंद्रावरच्या इंजिनिअरपुढं! अख्ख्या गावानं वाहून दिलेला गाळ बंद टाकीत कोंडायचा, तिथल्या जंतूंना चारायचा आणि गॅस काढायचा, हाच माझा धंदा. बघायला येणाऱ्यांना मी ठणकावून सांगतो, "जंतूंना रोज थोडंथोडंच घालायचं. हावरटपणा केला की टाकी आंबलीच!"

पण सासरे येणार म्हटल्यावर कसलं थोडंथोडं!

केंद्रावरून मी कॅनभर गाळ घरी आणला.

"हे काय?" वंदनानं नाकाला पदर लावला.

"विरजण. यातले जंतू कामाला पटाईत."

"अवो, सगळ्या शहराच्या संडासाचं विरजण माझ्या अप्पांच्या पुरणाला?"

"पुरणाला नाही गं, गॅसला!"

गाळ ओतला. मग वाटलं, जंतूंचाही पाहुणचार व्हायला हवा. शिळा भात घातला. गळून पडलेल्या पपया घातल्या. वरून बादलीभर गुळाचं पाणी! दुसऱ्या दिवशी टाकीवरचा लोखंडी ड्रम असा टम्म वर आला, की मी वंदनाला हात धरून तो दाखवायला नेलं. (आत भरली होती ती न जळणारी हवा. केंद्रावर असतो तर लगेच ओळखलं असतं. पण घरी मी जावई होतो.)

अप्पा आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात देवीचा प्रसाद. वंदना पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मग मी पुढं झालो.

"मामा, चला, आपला प्लँट दाखवतो!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वंदनाची हाक आली, "अवो, शेगडी पेटंना!"

"पेटेल! जरा ढवळायला पाहिजे," म्हणत मी ड्रम दोन्ही हातांनी धरला आणि गरकन फिरवला. आधी आत गुडगुडलं. मग ड्रमच्या चारी बाजूंनी, दूध उतू जावं तसा, काळा फेस वर आला! अप्पा मागं सरले, घसरले आणि धोतरासकट त्या फेसात बसले. त्यांना उठवायला मी वाकलो, आणि शेजारी जाऊन बसलो.

वंदना धावत आली. आम्हा दोघांकडं बघून तिला रडूच फुटलं. "इतक्या दिसांनी आलात, आन् असं झालं!"

"अळबेड, मगळे," अप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. (रडू नको, पोरी. एवढं कानडी मला येतं.) मग माझ्याकडं वळले. "जावईबापू, काय चारलं हो ह्याला?"

जावईबापू! पहिल्यांदाच! त्या आनंदात मी सगळं सांगून टाकलं. भात, पपया... गुळापर्यंत आलो आणि अप्पांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि वंदनाही रडता रडता हसायला लागली.

अंघोळी झाल्या. धोतर वाळेपर्यंत अप्पा माझी ट्रॅक पँट घालून अंगणात तीन दगडांच्या चुलीपाशी बसले. ते जाळ घालत होते, ती पोळ्या भाजत होती. "सावकाश कर, मी हाय बसलेलो," ते तिला सारखे सांगत होते. मला मात्र दोघांनीही कशाला हात लावू दिला नाही.

आता आमचं मुरूमला येणं-जाणं आहे. परवा अप्पांनी पारावर सगळ्यांना माझी ओळख करून दिली. "हे आमचे जावई. लई मोठे इंजिनिअर हायत. हापिसात घाणीचा गॅस करतात."

मी छाती फुगवली.

"आन् घरी गॅसची घाण!"