अकरा किलोची सायकल

"सायकल जड झालीय," असं मी महिनाभर घसा फोडून सांगत होते, पण एकाचा विश्वास बसेल तर शपथ! चौथी शिकलेली बाई, त्यात पन्नाशी उलटलेली, तिला वजनातलं काय कळणार? असो. किस्से म्हणजे कारखान्यातला सुताचा फुफाटा. रोज झटकला तरी पदराला असतोच. माझे सगळे किस्से या एका सायकलीचे.

*

आमचे हे होते तोवर जुनी काळी सायकल तेच तिसऱ्या मजल्यावर न्यायचे. खाली ठेवायची सोय नाही, दोन सायकली चोरीला गेल्यात. हे गेले आणि ते लोखंड माझ्या खांद्यावर आलं.

आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर महादेवी राहते. माहेर अक्कलकोटकडं, घरात कानडी. नवरा नाही, लेकी लांब दिलेल्या. एकटी बसून आमच्याच कारखान्याच्या टॉवेलच्या कडा शिवते. मी संध्याकाळी ड्युटीवरून आले की ती खाली यायची आणि मागून कॅरिअर धरायची. दर वळणावर आम्ही टेकायचो. तिचे व्याही, माझी सून, कुणाची आमटी पातळ, सगळं त्या वळणांवर.

एकदा वरून शेजारचे मास्तर ओरडले, "अहो, एक सायकल वर न्यायला अर्धा तास?"

महादेवी म्हणाली, "सायकल कवाच पोचली हो मास्तर, आमीच मागं ऱ्हायलो!"

*

पावसाळ्यात जिन्यात पाय घसरला. सायकल अंगावर, गुडघा भोपळ्याएवढा. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं बंद. पुण्याहून मुलाचा फोन.

"आई, स्कूटी घे की आता."

"घेते. आणि तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार? तू येतोस रोज पुण्याहून?"

फोन गप्प. मग म्हणाला, नेटवर्क गेलं होतं!

*

नरसिंग अण्णांच्या सायकलच्या दुकानात गेले. त्यांनी बास्केटवाली लेडीज सायकल पुढं केली. मी तिला बघितलंच नाही. दांडीत हात घालून दुकानातली एकेक सायकल उचलायला लागले.

"बाई, सायकल घ्यायला आलाय का वजन करायला?"

मी सांगितलं, "अक्कलकोट रोडला खड्डे, भावाच्या शेताकडं मातीची वाट, आणि घरी चोपन्न पायऱ्या. तिन्हीला एकच सायकल पायजे. आणि ती मला एकटीला उचलता आली पायजे."

"मग हार्डटेल घ्या. पुढं शॉकअप, मागं काय न्हाय."

"मागं का न्हाय?"

"मागं घातला की दोन किलो तरी वाढतंय."

"ऱ्हाऊ द्या मग. माझ्या मागं बी कोण न्हाय, चाललंय की!"

अण्णा हसले. मग हसायचे थांबले आणि चहा मागवला.

*

अण्णांनी दोन नुसत्या फ्रेम खिळ्यावरून काढल्या. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दिसायला बहिणी. मी डोळे मिटून एकेका हातात धरल्या. डावी हलकी. अण्णा म्हणाले, "बरोबर! हिच्या नळ्या जोडापाशी जाड, मधी पातळ. ताकद जिथं लागती तिथंच माल."

कडेला जाड आणि मधी पातळ! अशी भाकरी केली असती तर सासूनं ताट फेकलं असतं.

तेवढ्यात हेल्मेटवाला एक साहेब मधे पडला. रविवारी ग्रुपनं फिरणारा. "काकू, कार्बन घ्या. याहून हलकी."

"जिन्याच्या कठड्यावर आपटली तर?"

"तशी मजबूत असते... पण टोकदार कशावर आपटली तर तडकू शकते."

"तुमच्या घरी लिफ्ट हाय का?"

"आहे ना."

"मग ती तुमालाच शोभती!"

डाव्या फ्रेमची सायकल जोडून घेतली.

*

कारखान्याच्या गेटवर वॉचमननं सलाम ठोकला, "रेसला निघाल्या कलाबाई!" जाधव सुपरवायझर म्हणाले, "एवढीशी सायकल, मोडेल की." मी ती उचलून गठ्ठ्यांच्या काट्यावर ठेवली. बरोबर अकरा किलो.

"जाधव साहेब, तुमचं पोट जास्त भरंल!"

सगळं पॅकिंग खातं खिदळलं. जाधवांनी त्या दिवशी दुपारची सुट्टी दहा मिनिटं उशिरा दिली.

*

त्या संध्याकाळी सायकल खांद्यावर टाकली आणि कुठंही न टेकता चढले. महादेवी हात पुसत दारात आली. "कलाक्का, धरू का?"

"नको गं, लई हलकी हाय!"

तिनं चपला घालेपर्यंत मी वरच्या वळणाला. घरी येऊन घड्याळ बघितलं तर दोन मिनिटं! कुणाला तरी सांगावं म्हणून मागं वळले. मग टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी दोन मिनिटं. पुढं पुढं महादेवीचं दार लोटलेलंच असायचं, आतून मशीनचा आवाज.

*

आणि मग सायकल जड व्हायला लागली. दोन-चार दिवसांनी थोडी, मग आणखी थोडी.

अण्णा म्हणाले, "बाई, ॲल्युमिनियम काय वाढतंय का?" मुलगा म्हणाला, "आई, रक्त तपासून घे." मी पुन्हा काट्यावर ठेवली. पावणेबारा! जाधव म्हणाले, "काटा बिघडलाय." त्याच काट्यावर तासाभरात त्यांनी चाळीस गठ्ठे पास केले.

एकटी महादेवी म्हणाली, "जड झाली म्हणतीस तर झाली असंल. धरते की मी." आणि मागचं चाक धरलं. पहिल्या वळणावर म्हणाली, "जरा टेक गं, कलाक्का." टेकलो.

*

रविवारी भावाच्या शेताकडं निघाले. मातीच्या वाटेवर मी सीट खाली घेते, पाय टेकायला बरं. त्या दिवशी सीट दोन बोटंसुद्धा खाली जाईना. तशीच अण्णांकडं वळवली.

अण्णांनी सीट दांड्यासकट उपसली, सायकल उलटी केली, तार घातली. आतून टॉवेलच्या कापडाची एक सुरळी पडली. अंगठ्याएवढी, दोन्ही टोकं शिवलेली. मग दुसरी, तिसरी... सात! अण्णांनी एक उसवली. आत कापसात घट्ट बसवलेले लोखंडी नट. खडखडसुद्धा होऊ नये अशा बेतानं भरलेली.

अण्णांचं तोंड उघडंच. "बाई, खरं बोलत होता की तुमी! ह्यो वॉचमनचा उद्योग. न्हायतर त्या जाधवचा. का घरात शिरून कुणी केलं? घराची किल्ली कुणाकडं असती?"

किल्ली एकीकडंच असते, नळाला पाणी आलं की भरून ठेवायला. सुरळी हातात घेऊन बघितली. बारीक टाका, शेवटी दोनदा मागं फिरवलेला. आमच्या कारखान्यात असा टाका घालणारी एकच बाई आहे, घरी काम नेणारी.

"परत घाला," मी म्हणाले.

"काय?"

"सातच्या सात. उसवलीय ती आधी शिवून द्या."

"सीट खाली बसायची न्हाय ओ!"

"ऱ्हाऊ द्या उंच."

शेताकडं गेलेच नाही. सायकल ढकलत घरी आले, जिन्याच्या तळाशी उभी केली, कमरेवर हात ठेवले आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशी ओरडले,

"महादेवी! धर गं, लई जड हाय!"